विश्लेषण : सर्व्हर क्लाउडवर गेला, मग तो सांभाळणाऱ्यांचे काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सहा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ बरोबरच ‘एक्स्चेंज सर्व्हर’च्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचे पाठबळ थांबवले. ईमेलचा सर्व्हर स्वतःच्या कार्यालयात ठेवणाऱ्यांसाठी त्याचा अर्थ सरळ होता. वर्गणीवर चालणारी नवी आवृत्ती घ्या, नाही तर क्लाउडवर या. त्यानंतर २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या ‘एडब्ल्यूएस’ या क्लाउडचा अमेरिकेतील व्हर्जिनियामधला विभाग कोलमडला आणि स्नॅपचॅटपासून ब्रिटनमधील बँकांपर्यंत अनेकांच्या सेवा काही तास अडखळल्या. पहिल्या घटनेने ग्राहकाला क्लाउडकडे ढकलले, दुसरीने त्याच्या मनात धास्ती निर्माण केली. या दोहोंच्या मध्ये उभा आहे तो दुसऱ्यांचे संगणक, सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळून देणारा व्यवसाय. उद्योगाच्या भाषेत ‘मॅनेज्ड आयटी सर्व्हिस’ आणि आपल्याकडच्या कार्यालयांच्या भाषेत ‘एएमसीवाले’. सांभाळायची यंत्रेच ग्राहकाच्या आवारातून निघून गेल्यावर हे लोक काय विकणार, हा प्रश्न आता या व्यवसायातल्या प्रत्येकासमोर आहे.

‘मॅनेज्ड सर्व्हिस’ म्हणजे नेमके काय?

संगणक बिघडला की माणूस बोलवायचा, दुरुस्तीचे पैसे द्यायचे, ही या व्यवसायाची पहिली पायरी. संगणक विकणाऱ्यांनी पुढे वार्षिक देखभालीचे कंत्राट घ्यायला सुरुवात केली. यंत्रामागे ठरावीक रक्कम, वर्षातून ठरलेल्या भेटी, सुटे भाग वेगळे. तिसरी पायरी आली ती दुरून नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. ग्राहकाच्या प्रत्येक यंत्रावर एक छोटा प्रोग्राम बसवायचा आणि आपल्या कार्यालयात बसून शंभर ठिकाणची यंत्रे पाहायची. डिस्क भरत आली, अँटिव्हायरस जुना झाला, रात्रीचा बॅकअप झाला नाही, हे ग्राहकाच्या आधी पुरवठादाराला कळू लागले. बिघाडानंतर धावण्याऐवजी बिघाड होऊ न देण्याचे मासिक शुल्क, हे या व्यवसायाचे खरे रूप.

चाकण, अंबड किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतला तीस-चाळीस संगणकांचा कारखाना, जिल्ह्याच्या ठिकाणचे रुग्णालय, तालुक्याची नागरी सहकारी बँक किंवा सनदी लेखापालाचे कार्यालय यांना स्वतःचा आयटी विभाग परवडत नाही. त्यांचा आयटी विभाग म्हणजे हा बाहेरचा माणूसच. सर्व्हरचा पासवर्ड अनेकदा मालकाला ठाऊक नसतो, त्याला ठाऊक असतो.

क्लाउडने यातले काय हिरावून घेतले?

२००६ मध्ये ॲमेझॉनने साठवणूक आणि संगणनशक्ती भाड्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा हा प्रकार नवउद्योगांपुरता राहील, असे अनेकांना वाटले होते. भारतात बरीच वर्षे ते खरेही होते. कारण सर्व्हर सिंगापुरात आणि कारखाना पुण्यात, हा कारभार संथ चाले. ते अंतर मिटले. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत क्लाउड विभाग सुरू केले. ॲमेझॉन २०१६ मध्ये आणि गुगल २०१७ मध्ये मुंबईत आले. तेव्हापासून ‘डेटा परदेशात जातो’ आणि ‘वेग मिळत नाही’ हे दोन्ही जुने आक्षेप बोथट झाले.

देखभाल करणाऱ्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग मासिक शुल्कातून नव्हे, तर विक्रीतून येत असे. दर पाच वर्षांनी नवा सर्व्हर, त्यासोबत यूपीएस, टेप ड्राइव्ह, ऑपरेटिंग सिस्टीमचा परवाना, बसवण्याची मजुरी. ही एकरकमी कमाई वर्षभराच्या पगारांना हातभार लावायची. ईमेल आणि फाइल्स क्लाउडवर गेल्या की हे सगळे एका फटक्यात संपते.

मग क्लाउडचेच परवाने विकावेत, हा पहिला विचार सगळ्यांनी केला. त्यातली गोम अशी, की दर ठरवतो मायक्रोसॉफ्ट किंवा गुगल, दलालीचे प्रमाणही तेच ठरवतात आणि हवे तेव्हा बदलतात. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून लागू केलेल्या विक्रीपद्धतीत वर्षभराच्या बांधिलकीवर दर कमी आणि महिन्याच्या बांधिलकीवर २० टक्के जास्त, अशी रचना आहे. वर्षाची बांधिलकी घेतलेला ग्राहक मध्येच गेला किंवा बुडाला, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे पुरवठादाराच्या माथी. म्हणजे नफा थोडा आणि उधारीचा धोका पूर्ण. किराणा दुकानदाराला हे गणित सहज समजेल. आयटीतल्या अनेकांना ते पहिले बिल अंगावर आल्यावर समजले.

ग्राहकाला मग मधल्या माणसाची गरजच काय?

क्लाउड कंपन्यांच्या जाहिराती पाहिल्या तर गरज नाही असेच वाटते. क्रेडिट कार्ड द्या, खाते उघडा, सर्व्हर दहा मिनिटांत तयार. प्रत्यक्षात क्लाउड कंपनी जबाबदारीची एक रेघ आखते आणि ती करारात लिहून ठेवते. इमारत, वीज, यंत्रे, मूळ यंत्रणा हे तिचे. त्यावर ठेवलेला डेटा, कोणाला आत येऊ द्यायचे, कोणते दार उघडे ठेवायचे, हे ग्राहकाचे. सोसायटीच्या फाटकावर रखवालदार असला तरी आपल्या सदनिकेची कडी आपल्यालाच लावावी लागते, तसे हे. क्लाउडवरच्या कितीतरी डेटागळती या क्लाउड कंपनीच्या चुकीने नव्हे, तर ग्राहकाने कडी न लावल्याने झाल्या आहेत.

बॅकअपचेच पाहू. ‘मायक्रोसॉफ्ट ३६५’ घेतले म्हणजे बॅकअपची चिंता मिटली, असा समज सर्रास आढळतो. डिलीट केलेला ईमेल कचरापेटीतूनही काढून टाकला तर तो परत मिळवण्याची मुदत मूळ मांडणीत १४ दिवसांची आहे. ती वाढवून ३० दिवसांपर्यंत नेता येते. वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटवरच्या फाइल्ससाठी ९३ दिवस. गुगल वर्कस्पेसमध्ये कचरापेटी रिकामी झाल्यावर प्रशासकाच्या हातात २५ दिवस उरतात. राजीनामा देऊन गेलेल्या कर्मचाऱ्याने जूनमध्ये पुसलेले पत्रव्यवहार मार्चअखेरच्या लेखापरीक्षणात हवे असतील, तर यातली एकही मुदत पुरत नाही. मेल सुरू ठेवण्याची हमी आणि जुने मेल जपून ठेवण्याची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कोणी तरी वेगळी घ्यावी लागते.

ती का घ्यावी, याचा धडा ऑस्ट्रेलियातील ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीने मे २०२४ मध्ये दिला. सहा लाखांहून अधिक सदस्यांचा हा निधी गुगल क्लाउडवर होता. खबरदारी म्हणून डेटाच्या प्रती दोन वेगवेगळ्या भौगोलिक ठिकाणी होत्या. गुगलच्या बाजूने मांडणीत झालेल्या एका चुकीमुळे त्यांचे खासगी क्लाउड खातेच पुसले गेले, आणि खाते गेल्यावर दोन्ही ठिकाणच्या प्रती गेल्या. सदस्यांना अनेक दिवस आपली खाती पाहता आली नाहीत. निधी वाचला तो तिसऱ्याच पुरवठादाराकडे ठेवलेल्या बॅकअपमुळे. दोन ठिकाणी ठेवले म्हणजे दोन हातांत ठेवले असे होत नाही, हे त्या दिवशी उघड झाले.

हमीचा अर्थही तपासून घ्यावा लागतो. ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी ऐकायला भक्कम वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात याचा अर्थ ४३ मिनिटे सेवा बंद राहिली तरी करारभंग होत नाही. त्याहून जास्त बंद राहिली, तर भरपाई मिळते ती पुढच्या बिलात सूट म्हणून; त्या वेळेत बुडालेल्या धंद्याची नव्हे.

आणि बिल. इथे क्लाउड जुन्या व्यवस्थेपेक्षा मुळातून वेगळे आहे. विकत घेतलेला सर्व्हर रात्री रिकामा चालला तरी जास्तीची वीज सोडता खर्च वाढत नव्हता. क्लाउडवर मीटर सतत पळतो. चाचणीसाठी घेतलेला सर्व्हर आठवड्याचे १६८ तास चालू राहतो, वापरणारे मात्र सहा दिवस रोज दहा तास, म्हणजे ६० तासच कामावर असतात. तो रात्री आणि रविवारी आपोआप बंद होईल एवढी सोय केली तरी त्या सर्व्हरचा संगणनखर्च जवळपास दोन तृतीयांशाने घटतो. जे सर्व्हर कायम लागणारच आहेत, त्यांची एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी दिली तर ॲमेझॉन ७२ टक्क्यांपर्यंत सवलत देते. डेटा क्लाउडवर चढवायला बहुधा पैसे पडत नाहीत, उतरवायला पडतात. ‘फ्लेक्सेरा’ या कंपनीच्या दरवर्षीच्या सर्वेक्षणात उद्योग स्वतःच सांगतात की त्यांच्या क्लाउड खर्चातला पावपट किंवा त्याहून थोडा अधिक भाग वाया जातो. बिल तपासणारा माणूस, हे या व्यवसायात नव्याने तयार झालेले काम आहे.

त्यात एक अडचण आहे आणि ती फारसे कोणी बोलत नाही. पुरवठादाराची कमाई बिलाच्या टक्केवारीवर असेल तर तो बिल कमी कशाला करील? डॉक्टर आणि औषधविक्रेता एकच असण्याचा हा प्रकार. म्हणून ज्यांनी हा बदल नीट केला त्यांनी परवान्यांची दलाली आणि देखभालीचे शुल्क वेगळे दाखवायला सुरुवात केली. देखभालीचे शुल्कही यंत्रामागे न आकारता माणसामागे आकारले जाऊ लागले. कारण आता एका कर्मचाऱ्याकडे लॅपटॉप, मोबाइल आणि घरचा संगणक असे सगळे असते आणि सांभाळायची असते ती त्याची ओळख. कोण, कुठून, कोणत्या यंत्रावरून आत आला, हे पाहणे.

बड्यांनी काय केले?

टेक्सासमधील ‘रॅकस्पेस’ची कहाणी या बाबतीत बोलकी आहे. १९९८ मध्ये सुरू झालेली ही कंपनी दुसऱ्यांचे सर्व्हर आपल्या जागेत ठेवून सांभाळत असे आणि तिच्या ग्राहकसेवेचा मोठा बोलबाला होता. ॲमेझॉनशी दोन हात करायचे म्हणून तिने २०१० मध्ये नासासोबत ‘ओपनस्टॅक’ ही खुली क्लाउड प्रणाली उभी केली. लढाई झेपली नाही. यंत्रसामग्रीवर दरवर्षी ॲमेझॉनइतका पैसा ओतणे तिच्या आवाक्यातले नव्हते. २०१५ मध्ये तिने पवित्रा बदलला आणि ज्यांच्याशी स्पर्धा होती त्या मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्याच क्लाउडची देखभाल करून द्यायला सुरुवात केली. हा निर्णय योग्य होता, पण त्याने सगळे सुरळीत झाले नाही. २०१६ मध्ये अपोलो या गुंतवणूक कंपनीने ती ४.३ अब्ज डॉलरला विकत घेतली. २०२० मध्ये २१ डॉलर भावाने ती पुन्हा बाजारात आली. २०२५ च्या उत्तरार्धात तो भाव दोन डॉलरच्याही खाली होता. दरम्यान डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या जुन्या ‘होस्टेड एक्स्चेंज’ या ईमेल सेवेवर रॅन्समवेअर हल्ला झाला. ही सेवा कंपनीच्या उत्पन्नाचा अवघा एक टक्का होती. तरी हजारो छोटे ग्राहक ईमेलविना अडकले. कंपनीने त्यांना मायक्रोसॉफ्ट ३६५ वर हलवले आणि ती सेवा पुन्हा उभारायचीच नाही असे ठरवले. कमाईच्या दृष्टीने किरकोळ झालेले जुने काम अर्धवट चालू ठेवले की त्याकडे लक्ष राहत नाही, आणि घाव तिथेच बसतो.

दुसरे उदाहरण ‘किंड्रिल’चे. आयबीएमने आपला देखभाल व्यवसाय नोव्हेंबर २०२१ मध्ये वेगळा काढला आणि सुमारे ९० हजार कर्मचारी, चार हजारांहून अधिक ग्राहक असलेली ही कंपनी जन्माला आली. आयबीएमच्या छत्राखाली असताना आयबीएमचे यंत्र, आयबीएमचा क्लाउड हाच धर्म होता. बाहेर पडल्यावर चार महिन्यांच्या आत किंड्रिलने मायक्रोसॉफ्ट, गुगल आणि ॲमेझॉन या तिघांशीही भागीदारी जाहीर केली. त्याहून महत्त्वाचे पाऊल कमी बोलले गेले. नफा नसलेली जुनी कंत्राटे तिने एकेक करून पुन्हा बोलणीला काढली. जिथे ग्राहकाला दुसऱ्याचे यंत्र नुसते हातातून पुढे द्यायचे होते, तो भाग सोडून दिला. मार्च २०२२ अखेरच्या वर्षात उत्पन्न १८.३ अब्ज डॉलर होते आणि कंपनी तोट्यात होती. मार्च २०२५ अखेर उत्पन्न १५.१ अब्जांवर उतरले, पण २५ कोटी डॉलरचा नफा झाला. याच वर्षात तिन्ही बड्या क्लाउडशी निगडित कामातून १.२ अब्ज डॉलर आले. उलाढाल घटू देण्याचे धाडस हा या बदलातला सर्वात अवघड भाग. आपल्याकडच्या छोट्या कंपन्या नेमके इथेच कचरतात, कारण बँकेची कर्जमर्यादा उलाढालीवर ठरते.

महाराष्ट्रातल्या कंपन्यांपुढे कोणते मार्ग?

स्वतःचा क्लाउड उभारण्याचा मार्ग फार थोड्यांसाठी आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या नाशिकच्या ‘ईएसडीएस’ने स्वतःची डेटा सेंटर उभारून बँका आणि सरकारी कामांवर लक्ष केंद्रित केले. मुंबईच्या ‘नेटमॅजिक’ची बहुसंख्य मालकी जपानच्या एनटीटीने २०१२ मध्ये घेतली. दोन्ही ठिकाणी मोठे भांडवल लागले. दुसरा मार्ग क्लाउडवरच जन्मलेल्या कंपन्यांचा. पुण्याची ‘ब्लेझक्लॅन’ ही प्रामुख्याने ॲमेझॉनच्या क्लाउडची कामे करणारी कंपनी २०२४ मध्ये आयटीसी इन्फोटेकने ४८५ कोटी रुपयांपर्यंतच्या मोबदल्यात विकत घेतली. ना स्वतःचे डेटा सेंटर, ना सर्व्हरची विक्री. किंमत आली ती माणसांच्या कौशल्याला.

दहा-पंधरा माणसांच्या देखभाल कंपनीला यातले काहीच जमण्याजोगे नाही. तिच्यासाठी सर्वात शहाणपणाचे म्हणजे एखादे क्षेत्र पकडणे. रुग्णालयांच्या तपासणी प्रतिमा, कारखान्यातले सीएनसी यंत्रांशी जोडलेले संगणक, सनदी लेखापालांची टॅली आणि विवरणपत्रे, सहकारी पतसंस्थांचे सॉफ्टवेअर. प्रत्येकाचे नियम, गर्दीचे दिवस आणि दुखरी नस वेगळी आहे. क्लाउड कंपनीच्या हैदराबाद किंवा गुरुग्राममधल्या माणसाला ३१ जुलैच्या आधीचा आठवडा लेखापालाच्या कार्यालयात कसा असतो हे ठाऊक नसते. स्थानिक माणसाला असते.

शिवाय सगळे काही क्लाउडवर जात नाही. यंत्रशाळेतली जोडणी, वाय-फाय, प्रिंटर, कॅमेरे, आणि मुख्य म्हणजे इंटरनेट हे जागेवरच राहते. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की क्लाउड कितीही ‘उपलब्ध’ असला तरी कार्यालय बसूनच असते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या जोडण्या आणि त्या आपोआप बदलणारे यंत्र, हे काम पूर्वी ऐच्छिक होते, आता पहिले झाले. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’च्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, तेव्हा त्यांतले बहुतेक सुरू करायला प्रत्येक यंत्रासमोर माणूस बसावा लागला.

खरी कसोटी संक्रमणाच्या दोन-तीन वर्षांची. समजा, तीस माणसांच्या कार्यालयाकडून माणसामागे महिन्याला ५०० रुपये मिळाले, तर वर्षाला १ लाख ८० हजार होतात. आकडा वाईट नाही, पण तो बारा हप्त्यांत येतो आणि पूर्वीची सर्व्हरविक्रीची एकरकमी कमाई त्याच वर्षी थांबलेली असते. पगार मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेलाच द्यायचे. त्यात भर म्हणजे माणसे. रॅम बदलणाऱ्या, केबल ओढणाऱ्या तंत्रज्ञाला ओळख-व्यवस्थापन आणि स्क्रिप्ट लिहिणे शिकवायला काही महिने आणि परीक्षांचे शुल्क लागते. आणि तो तयार झाला की हिंजवडीतून दुप्पट पगाराचा फोन येतो. यावर कोणाकडेही रामबाण उपाय नाही. सगळ्यांना एकाच वेळी पाठवण्याऐवजी आधी पाच ग्राहक आणि दोन माणसे हलवणाऱ्यांचे नुकसान त्यातल्या त्यात कमी होते.

एक किल्ली, अनेक कुलपे

दुरून शंभर ग्राहक सांभाळण्याची सोय हाच या व्यवसायाचा सर्वात मोठा धोकाही आहे. २ जुलै २०२१ रोजी ‘कसेया’ कंपनीच्या दूरस्थ देखभालीच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून ‘आर-ईव्हिल’ टोळीने रॅन्समवेअर पसरवले. थेट फटका बसला साठपेक्षा कमी सेवापुरवठादारांना. त्यांच्यामार्फत तो पोहोचला पंधराशेपर्यंत उद्योगांत. स्वीडनमधील ‘कूप’ या किराणा साखळीची सुमारे ८०० दुकाने बंद राहिली, कारण तिचे गल्ले सांभाळणारा पुरवठादार हे सॉफ्टवेअर वापरत होता.

भारतात ३१ जुलै २०२४ रोजी याचीच आवृत्ती दिसली. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या स्टेट बँक आणि टीसीएसच्या संयुक्त कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला देयक यंत्रणेपासून तोडले आणि सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएमचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. देशाच्या एकूण देयक व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण ज्याचे खाते त्याच एका बँकेत आहे, त्या दूध उत्पादकाचे शंभर टक्के व्यवहार त्या दिवशी थांबले.

याचा अर्थ सर्व्हर घरीच बरा, असा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये लुटले गेले ते बँकेच्या स्वतःच्या एटीएम यंत्रणेत घुसखोरी करून. सुरक्षितता जागेवर नव्हे, तिच्यावर कोण आणि किती बारकाईने लक्ष ठेवून आहे यावर ठरते. म्हणून ग्राहकांना सल्ला देण्याआधी पुरवठादाराला स्वतःचे घर आवरावे लागते. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी प्रशासक-खाती, प्रत्येक प्रवेशाला दुसरी पडताळणी, नोकरी सोडलेल्या तंत्रज्ञाचा प्रवेश त्याच दिवशी बंद, आणि बॅकअपची किल्ली देखभालीच्या किल्लीपासून वेगळी. सर्व ग्राहकांचे पासवर्ड एका एक्सेल फाइलमध्ये ठेवणारा पुरवठादार आजही दुर्मीळ नाही.

क्लाउडवरून परतीची वाट आहे का?

आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. अमेरिकेतील ‘३७सिग्नल्स’ या सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ मधल्या ३२ लाख डॉलरच्या क्लाउड बिलाला कंटाळून स्वतःचे सर्व्हर घेतले. तिचे काम स्थिर आणि अंदाज करण्याजोगे होते, तज्ज्ञ घरात होते. दुसऱ्या बाजूला, जागेवरच्या व्यवस्थेतही दर आता वर्गणीचेच झाले आहेत. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘व्हीएमवेअर’ ताब्यात घेतल्यावर पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद केली आणि भागीदारांची यादी नव्याने आखली. व्हीएमवेअरवर स्वतःचा छोटा क्लाउड चालवणाऱ्या अनेक पुरवठादारांचा पायाच हलला. परदेशी कंपनीवर अवलंबून राहण्याची किंमत जुलै २०२५ मध्ये ‘नायरा एनर्जी’ने पाहिली. युरोपीय निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर त्या पुन्हा सुरू झाल्या. ग्राहकाचा डेटा दर आठवड्याला वेगळ्या हातात उतरवून ठेवणे आणि गरज पडल्यास तो दुसरीकडे उभा करून दाखवणे, ही सेवा त्यानंतर मागायला कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

नियम काय सांगतात?

नियमांनी या व्यवसायाला जितके काम दिले आहे, तितके कोणत्याही तंत्रज्ञानाने दिलेले नाही. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस देशात जपाव्या लागतात. रिझर्व्ह बँकेचे आयटी सेवा बाहेरून घेण्याबाबतचे निर्देश ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहेत. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेच्या संचालक मंडळाचीच राहते, हे त्यातले मुख्य सूत्र. पहिल्या दोन स्तरांतल्या छोट्या नागरी बँका या निर्देशांच्या बाहेर आहेत. पण त्यांचे पुरवठादार बहुधा मोठ्या बँकांचेही पुरवठादार असतात, त्यामुळे कराराच्या अटी खालीही झिरपतात. वित्तीय क्षेत्रासाठी वेगळा क्लाउड उभारण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्येच केली आहे. तो चालू लागल्यावर छोट्या बँकांना तिथवर नेणारा आणि नंतर सांभाळणारा माणूस लागणारच.

सर्वांत व्यापक परिणाम डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा होईल. २०२३ च्या या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. रुग्णालय, शाळा, पतसंस्था, दुकान, ज्याने लोकांची माहिती गोळा केली तो जबाबदार. त्याच्या वतीने ती हाताळणारा पुरवठादार चुकला तरी उत्तर द्यायचे ते माहिती गोळा करणाऱ्यानेच. सुरक्षेचे पुरेसे उपाय नसतील तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. माहिती फुटल्यास बाधित व्यक्तींना विनाविलंब कळवणे, मंडळाला ७२ तासांत तपशील देणे, नोंदी किमान वर्षभर जपणे, आणि पुरवठादाराशी केलेल्या करारात सुरक्षेची कलमे असणे, हे सारे नियमांत आले आहे.

यंत्रामागे अमुक रुपये, सुटे भाग वेगळे, वर्षातून चार भेटी, असे लिहिलेल्या दोन पानी एएमसी करारात यातले एकही कलम नसते. असे बहुतेक करार १ एप्रिलला नूतनीकरणाला येतात. कायद्याच्या मुख्य तरतुदी मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत, आणि त्याआधीच, १२ जानेवारी २०२७ रोजी, अनेक छोट्या कार्यालयांत अजून चालू असलेल्या ‘विंडोज सर्व्हर २०१६’चे पाठबळ संपते.